पुठ्ठा कोणी धरला होता?

मी आज पदवीधर आहे तो चौधरी सरांमुळे. शिरपूरकडच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. कॉलेजचा फॉर्मसुद्धा त्यांनीच भरला. त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा भुताखेतांवर विश्वास ठेवेल कसा? मीही ठेवत नव्हतो...

वडील सुरतेत, बमरोलीला लूमवर कामाला. मला तिथेच कतारगामच्या एका खाजगी संग्रहात नोकरी लागली, अजून कायम झालेली नाही. काम असं, की इंग्रज साहेबांनी काढलेल्या सुरतेच्या जुन्या इमारतींच्या काचेच्या निगेटिव्ह खालून उजेड देऊन कॅमेऱ्याने टिपायच्या. खिडकीचा उजेड पडू नये म्हणून शिपाई जयेशभाई माझ्या पाठीमागे काळा पुठ्ठा धरून उभे राहतात. हात भरून आला की विचारतात, "भाई, हवे हलुं?" म्हणजे, आता हलू का? मी म्हणतो, "ना, ऊभा रहो."

त्या फोटोंत प्रत्येक खांबाशेजारी एकच माणूस उभा आहे. पागोटं, अनवाणी पाय. इमारतीची उंची कळावी म्हणून साहेब त्याला उभं करायचा. तेव्हा जो हलला तो फोटोत पुसट व्हायचा. हा अगदी स्पष्ट आहे. काचेवर इमारतीचं नाव आहे, साहेबाचं आहे, त्याचं नाही.

प्रदर्शन जवळ आलेलं. मॅनेजर हेमाबेन म्हणाल्या, "आ माणसने काढी नाख ने! लोकोने जूनुं सुरत जोवुं छे." लोकांना जुनं सुरत पाहायचंय, हा माणूस नाही. मी कॉम्प्युटरवर एका फोटोतून त्याला पुसला आणि पुढची काच लावली. सकाळचे अकरा वाजले होते.

मागून आवाज आला, "साहेब, हवे हलुं?"

"ना, ऊभा रहो," मी सवयीने म्हणालो.

...आणि समोरच्या दारातून जयेशभाई चहा घेऊन आत आले.

मी वळलो. पुठ्ठा हवेत उभा होता — खांद्याच्या उंचीवर, किंचित थरथरत. जयेशभाईंच्या हातातला चहा सांडला. "कोने ऊभो राख्यो छे तें?" कोणाला उभं करून ठेवलंयस, असं ते विचारत होते.

तेव्हा लक्षात आलं, जयेशभाई मला 'भाई' म्हणतात. 'साहेब' मला आजवर कोणीच म्हटलेलं नाही.

"तें रोक्यो छे, तुंज छोड!" ते ओरडले. तू अडवलंयस, आता तूच सोड.

मी म्हणालो, "जाओ..." पुठ्ठा खाली पडला. आम्ही भिंगातून काचा पाहिल्या. फाइलमधल्या नव्हे, मूळच्या काचा. एकाही काचेवर तो नव्हता. मी फक्त एकच फोटो पुसला होता, तोही कॉम्प्युटरवर. याचा उलगडा मला आजही झालेला नाही. त्या रात्री सरांना पत्र लिहिलं, ते असं —

"आदरणीय सर, सा. न.

काचा मी खराब केल्या असं हेमाबेनना वाटतं. लेखी खुलासा मागितलाय, नोकरी बहुतेक जाईल. जे पाहिलं तेच लिहायचं, हे तुम्ही शिकवलंत, म्हणून तसंच लिहून देणार आहे. एक गोष्ट मात्र जयेशभाईंनाही सांगितलेली नाही. पुठ्ठा पडल्यावर माझ्या कानाशी तो अगदी हळू बोलला, 'साहेब, क्यां जाऊं?' सर, कुठे जाऊ म्हणून विचारतोय तो. दुपारपासून चार वेळा विचारून झालंय. काय सांगू त्याला?"