कानामागची तीट

कर्जत स्टेशनाबाहेर घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. त्यांच्या काचेच्या कपाटात घड्याळं थोडी आणि प्लास्टिकची कार्टूनं फार. मी शाळेत होते तेव्हा एका चहाच्या पुड्यामागे कार्टूनची पट्टी छापलेली असायची, आणि तिच्यातलं एकेक पात्र पुड्यात निघायचं. बोटाएवढं. ढोलवाला ससा, छत्रीवाली मांजर, चष्मेवालं अस्वल, हवालदार बोकड. आम्ही ती दगडावर घासून, चिखलात पुरून संपवली. पुढे पुड्यातून ती येईनाशी झाली आणि जत्रेत सुटी मिळू लागली. चाचा तेव्हापासून ती गोळा करत होते. कान तुटलेला जुना ससा घेऊन कुणी आलं, की नवा कोरा ससा त्याच्या हातावर ठेवायचे आणि जुना स्वतःकडे घ्यायचे. चाचांच्या डोक्यातली स्प्रिंग सुटलीय, असं सगळे म्हणायचे.

मलाही तसंच वाटायचं. फरक एवढाच, की मी ते तोंडावर बोलले.

तेव्हा मी दहिवलीच्या बायांची संघटना बांधत होते आणि पत्रकं लिहीत होते. खालापूर तालुक्यातल्या एका शेडमध्ये ही कार्टूनं साच्यातून निघायची, गोण्या भरून टेंपोने दहिवलीला यायची, आणि तिथे घरोघरी बाया उंबऱ्यात उजेड बघून बसायच्या आणि ब्रशने त्यांना डोळे काढायच्या. थिनरच्या वासाने डोकं चढायचं, बोटांची सालं निघायची. हे सगळं बघून मी गजराचं घड्याळ दुरुस्तीला घेऊन चाचांकडे गेले, आणि ते कपाट दिसलं. बायांचे डोळे ज्याच्यापायी चाललेत तो कचरा तुम्ही काचेत मांडून बसलाय, तुम्हाला काही वाटतं की नाही, असं मी भर बाजारात विचारलं.

चाचा चिडले नाहीत. डोळ्यावरचं भिंग काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"पत्रक मागनं वाचा, बाई. आधी हे बघा."

मी बघितलं. एकाच साच्यातले चार ससे, पण एकाचंही बघणं दुसऱ्यासारखं नव्हतं. एक दचकलेला, एक रुसलेला, एक कुणाची तरी खोडी काढून आल्यासारखा. चाचांनी सगळा संग्रह असाच लावला होता. ससे एकीकडे आणि बोकड दुसरीकडे असा नाही, नजरेप्रमाणे. प्रत्येकाभोवती कागदाची चिठ्ठी गुंडाळलेली, तिच्यावर कुठे आणि कधी मिळाला ते. 'पळसदरी, शिमगा' आणि पुढे साल. मनगटी घड्याळाच्या एका जुन्या खोक्यात काही वेगळे ठेवले होते. त्या सगळ्यांच्या डाव्या कानामागे मोहरीहून बारीक काळा ठिपका. चाचांना आधी तो साच्यातला दोष वाटला होता. मग भिंगाखाली ब्रशच्या केसाचा ओरखडा दिसला. कुणीतरी तो मुद्दाम लावत होतं, आणि का, ते त्यांना कित्येक वर्षं कळलं नव्हतं.

मला कळलं. तो ठिपका मीच बंद करवला होता.

दहिवलीतल्या एका मावशीची ती सवय होती. आम्ही सगळे तिला मावशीच म्हणायचो. डोळे काढून झाले, की ती प्रत्येक कार्टूनाच्या कानामागे तीट लावायची, तान्ह्या बाळाला लावतात तशी. शेडचा शेठ त्या तिटीला डाग म्हणायचा आणि असा माल परत पाठवायचा, म्हणून गालावरची तीट तिने कानामागे नेली. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "डोळं काडलं का ती बघाया लागतंत गं. बघाया लागली का नजर बी लागनार. मंग उघडी कशी सोडू?" मला संताप आला होता. पिळवणूक राहिली बाजूला, हिला प्लास्टिकच्या सशाची दृष्ट काढायचीय. मी घरी जाऊन पत्रक लिहिलं, त्यात एक परिच्छेद खास या तिटीवर घातला, आणि 'प्लास्टिकला दृष्ट लागत नाही' हे वाक्य मला फार आवडलं होतं. मावशीने ते दुसऱ्या बाईकडून वाचून घेतलं आणि तीट सोडली. छापील कागदाचा मान, म्हणाली.

मी चाचांना सांगितलं की ही बाई मला माहीत आहे. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"डावखुरी हाय का?"

मी हो म्हटलं. ते हसले. ब्रशच्या ओरखड्याने त्यांना तेच सांगितलं होतं.

मग ते प्रकरण आलं. शेठ शेड बंद करून मोठा कारखाना काढत होता, आणि जुन्या कामगारांची नावं नव्या हजेरीपटावर घ्यायची असं सरकारी साहेबांनी त्याला बजावलं होतं. शेठने लेखी दिलं, की डोळे काढायचं काम शेडच्या बाहेर कधी गेलंच नाही, दहिवलीच्या बाया कोण ते मला ठाऊक नाही. त्याच्यापुढे ठेवायला आमच्याकडे कागदाचा एक चिटोरा नव्हता. गोण्या आल्या, गोण्या गेल्या. टेंपो यायचा थांबला तर काय, या भीतीने एकेक बाई मागे सरली. त्यांना मी दोष देत नाही, तेव्हा दिला होता. मावशी तेवढी राहिली. मी तिला म्हटलं, एकटी पडशील. तर ती म्हणाली, "पंधरा वर्सं झाली. टेंपोवाला 'गोनीवाली' म्हनतो, शेठला तर आमी कोन त्येच म्हाईत नाय. एकदा हजेरीला माजं नाव पुकारू दे. मंग घालवलं तरी चालंल."

एवढंच तिला हवं होतं. मला ते फार थोडं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

सुनावणी खालापूरला होती. आमच्याकडे कागद नाही हे माझ्याकडून कळलं, तसं चाचांनी बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन एस.टी.त बसले. कुणाला हात लावू दिला नाही. साहेबांच्या टेबलावर त्यांनी रुमाल पसरला आणि एकेक कार्टून उभं केलं. साहेबांना हसू आवरेना. शेठ म्हणाला, असे ठिपके मी आत्ता इथे बसून काढून दाखवतो. चाचांनी भिंग साहेबांच्या हातात दिलं आणि कान दाखवला. ससा झिजला तशी तीटही झिजली होती, सशाचा पिवळेपणा तिच्यावर चढला होता. घड्याळाची तबकडी जुनी की नवी रंगवलेली, हे ज्याला कळतं त्याला हे कळतं, असं ते म्हणाले. साहेब बराच वेळ भिंगातून बघत राहिले. हसणं थांबलं होतं.

मग साहेबांनीच युक्ती काढली. तीट असलेली आणि नसलेली कार्टूनं त्यांनी मिसळली, तोंडं मावशीकडे करून मांडली, आणि कानाला हात न लावता तुझी कोणती ते सांग म्हणाले. मावशी खुर्चीवर बसायला तयार नव्हती, ती टेबलाशी वाकली. "ह्यो माजा. ह्यो माजा. ही मांजर माजी, ही रडकी झालीय, त्या दिवशी माज्या पोरीला ताप व्हता." आठ काढली. साहेबांनी आठही उलटी करून बघितली. आठांच्याही कानामागे तीट.

तिने नववा काढला, हवालदार बोकड. त्याला तीट नव्हती.

शेठ मोठ्याने हसला. साहेबांनी चिठ्ठी बघितली, गेल्या चैत्रातल्या जत्रेची होती. मावशी म्हणाली, ह्यो बी माजाच, तवा तीट बंद केली व्हती. साहेबांनी विचारलं, का बंद केली. मावशी बोकड टेबलावर नीट उभा करत राहिली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मला अडचणीत आणायचं नव्हतं तिला. तीटवाल्यांतली शेवटची चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची होती, आणि शेठ लगेच म्हणाला, की म्हणजे कधीकाळी कुठे काम केलं असेल नसेल, दोन वर्षांपूर्वीच सोडलं, हे आपोआप ठरलं.

मला उठावंच लागलं. मी म्हटलं, तीट मी बंद करायला लावली, तसं पत्रक काढलं होतं. साहेब म्हणाले, दाखवा. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता, पण सगळी त्याच आठवड्याची. जुनी पत्रकं मी कधी ठेवली नाहीत. ती ठेवायची असतात हे मला कळायला चाचांचं कपाट बघावं लागलं.

साहेब मात्र समोरची फाइल चाळत होते. शेठने आमच्याविरुद्ध अर्ज केला होता, या बाई लोकांना भडकवतात म्हणून, आणि पुरावा म्हणून माझं पत्रक त्यानेच जोडलं होतं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं.

"दहिवलीच्या बायांनो, शेडच्या सशांच्या कानामागे तीट लावणं आजपासून बंद करा. प्लास्टिकला दृष्ट लागत नाही."

खाली छापखान्याने तारीख टाकली होती, तीट थांबली त्याच सालची. साहेबांनी कागद खाली ठेवला आणि शेठला विचारलं, "काम बाहेर जात नव्हतं ना? मग तुमच्या शेडचे ससे दहिवलीत काय करत होते?"

शिपाई हसला. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं, पण ते बघायला मला तोंड नव्हतं. बाहेर आल्यावर मी मावशीला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "चुकलंस कुठं, तुला पोरं नायत म्हनून तुला ठावं नाय." चाचा ट्रंकेला कडी लावत होते. त्यांनी तो बोकड तेवढा बाहेर काढला आणि तिच्यापुढे धरला. मावशीने डोळ्याच्या कडेचं काजळ बोटावर घेतलं आणि त्याच्या कानामागे टेकवलं. काजळ प्लास्टिकवर टिकत नाही. चाचांनी ती तीट पुसली जाणार नाही अशा बेताने बोकड पुन्हा कापसात ठेवला.

साहेबांचा हुकूम झाला, आणि कारखान्याच्या पहिल्या दिवशी मी फाटकाशी उभी होते. कारकुनाने हजेरीपट उघडला आणि नावं पुकारत गेला. मावशीचं पुकारलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. कुणीच ओ दिली नाही. त्याने पुन्हा पुकारलं. त्या नावाने तिला लग्नापासून कुणी हाक मारली नव्हती, तिला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं असणार. शेजारच्या बाईने कोपर मारलं. "अगं, तुजं हाय."

हजर म्हणायचं असतं, हे मी तिच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं.

"हाय," मावशी म्हणाली.

कारकुनाने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि खूण केली.