ओव्हरी आणि ओवरी

नाशकातल्या त्या हॉस्पिटलात, लाईटच्या खात्यात, मी म्हणजे अर्धा डॉक्टर! उरलेला अर्धा सहावीत दोनदा बसला. लाईट म्हणजे कॅन्सरची गाठ जाळायचे किरण. पेशंट आत, आम्ही सगळे बाहेर. वीस वर्षं ट्रॉली ढकलली. किस्से कानातल्या मळासारखे साचतात, खाजवलं की निघतात.

आमचे मोठे साहेब एक्सरेच्या खोलीत शिरताना किरण अडवणारा शिशाचा एप्रन घालायचे, तोही बेंबीखाली घट्ट. तीन पोरं झालेली, वर नसबंदी! मी म्हणायचो, "साहेब, दुकान उठलं, आता शटरला कुलूप कशाला?"

"गप रे! सेफ्टी फर्स्ट!"

सेफ्टी! कोणाची?

*

निफाडची मंगल आली ती अठ्ठ्याण्णवच्या आसपास. लग्नाला वर्ष झालेलं, जांघेत गाठी. साहेबांनी सासूला सांगितलं, "पंचवीस लाईट. जीव वाचेल." बास! त्या लाईटनं बाईची ओव्हरी, म्हणजे बीजाची पिशवी, करपते, हे बोलायला जीभ झिजते यांची! ऑपरेशन करून ओव्हरी आधीच वर, लाईटच्या वाटेतून बाजूला बसवता येते. मुंबईहून येणाऱ्या सर्जनला चहा देताना मी हे दहादा ऐकलेलं. डोकंच फिरलं.

सासूला जिन्यात गाठलं. "मावशी, लाईटच्या आधी ओव्हरी हलवायला सांगा."

"आगं बया! कोनत्या देवळाची?"

तिला वाटलं, देवळाभोवतीची ओवरी! मी पोट धरून हसलो. मग नीट समजावलं. ती हसली नाही.

*

दुसऱ्या दिवशी म्हातारी थेट केबिनमध्ये. "डाक्टर, द्राक्षावर औषध मारायचं तर आमी आधी प्यायच्या पान्याचा हंडा झाकतो, मंग पंप उचलतो. तुमी माझ्या सुनंचं काय झाकलं?"

साहेब लालेलाल. "हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायला कशाला पायजे? अडाणी हाय मी, येडी नाय!"

मी दाराआड. साहेबांचा एप्रन घालून!

सर्जनला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "खात्री देत नाही, पण वाट उघडी राहील."

*

ऑपरेशन झालं, जखम भरली. पहिल्या लाईटला ट्रॉली मीच ढकलली, छाती फुगवून. "पोरी, मुलगा झाला तर माझं नाव ठेव हां! अख्ख्या खात्यात तोंड उघडलं ते मीच. मला तर दहा वर्षांपास्नं ठाऊक होतं!"

मंगल छताकडे बघत होती.

"धा वर्षं? मंग मामा, माझ्या आधी ज्या पोरी ह्या ट्रॉलीवरनं गेल्या, त्यांना का नाय सांगितलं?"