डिस्क न घेणारं मशीन

सीताबर्डीत जुन्या गेमच्या डिस्क विकणारा तो माणूस धंदा न कळल्यामुळे बुडाला, असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. त्याला मी बुडवलं.

डिस्क शर्टाच्या टोकाने पुसून तो उजेडात धरायचा आणि ओरखडा दिसला तर गिऱ्हाइकावरच डाफरायचा, "नको नेऊ गा हे, उद्या शिव्या मले देशीन." त्या डिस्क ज्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर चालायच्या, त्या कंपनीचा मी विदर्भातला वितरक होतो. पुढच्या मशीनला डिस्कची जागाच नसणार, खेळ फक्त कंपनीकडून इंटरनेटवर विकत घ्यावे लागणार, हे आम्हाला बैठकीत आधीच सांगितलं होतं. तरीही माझ्याकडे उरलेल्या डिस्कचा माल मी त्याच्या गळ्यात मारला. "घे, नव्यावरही चालतील," म्हणालो.

नवं मशीन आलं तेव्हा त्याने ते चारही बाजूंनी बोटाने चाचपलं. मग डिस्कचा गठ्ठा काउंटरवर आपटून ओरडला, "काहून बंद केलं हे? आमी का मेलो होतो?"

शेजारचा दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाला, "यायले मालूम असन."

"काकायले काय मालूम?" मला काका म्हणणारा तो शेजाऱ्यावरच भडकला. "त्यायलेबी फसवलं कंपनीनं!"

मग मीही कंपनीला दोन शिव्या घातल्या.