मोबाइलमधल्या देवांची उत्तरपूजा

रोटांचे गहू अर्धे निवडून झाले होते. सूप मांडीवर, खडे वाटीत, आणि मी यांना सहज म्हटलं, "आईंच्या कानबाईचा तो फोटो काढा बरं. एकदा नीट बघून घेते."

हे म्हणजे हेमराज, माझे यजमान. मोबाइल त्यांच्या हातातच होता, तो सहसा हातातच असतो. त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, चष्मा काढून बनियनला पुसला.

"चेतननी माय," ते म्हणाले, "फोटू कथा ग्यात?"

एरवी हे सुरतेत, भेस्तानच्या आमच्या सोसायटीत गुजराती बोलतात आणि मुलांशी मराठी. फोटो कुठे गेले हे त्यांनी अहिराणीत विचारलं, तेव्हाच मी सूप खाली ठेवलं.

कानबाई ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा खानदेशातल्या लोकांची ही श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसते, सोमवारी नदीवर जाते. घरातल्या जुन्या नारळाला डोळे, नथ, दागिने लावून, साडी नेसवून तिला मांडतात आणि सगळे भाऊबंद त्या घरी तिच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे गव्हाच्या पोळ्या, खायला जमतात. सासूबाई होत्या तोवर आमच्याकडे त्याच मांडायच्या. गेल्या श्रावणाआधी त्या गेल्या, म्हणून गेल्या वर्षी देवी बसलीच नाही. जाताना त्यांनी यांचा हात धरून सांगितलं, "हेमराज, कानबाई या घरातून हलू देऊ नको." हे हो म्हणाले. पण सुरतेतच पर्वत पाटियाला राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई कमलबाई म्हणाल्या की देवी थोरल्याच्या घरी बसायला पाहिजे. शेवटी भाऊबंदांतले वडीलधारे भटूकाकांनी निकाल दिला: छायाला आईसारखी कानबाई मांडता आली तर देवी भेस्तानला, नाही तर पर्वत पाटियाला.

छाया म्हणजे मी. मला मांडता येत नव्हती. दर वर्षी मी आत रोट भाजत असायची आणि पदराला हात पुसत बाहेर यायची, तोवर देवी सजून बसलेली असायची. पण फोटो होता, म्हणून मी निश्चिंत होते.

यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. मिसरूड फुटायच्या वयात हे शिरपूरकडून सुरतेला आले आणि बमरोलीच्या एका कारखान्यात कापडाचे ताके तपासायला लागले. लूमवरून उतरलेलं कापड दिव्याच्या टेबलावरून सरकत जायचं, तुटलेला धागा दिसला, तेलाचा डाग दिसला की हे तिथे खूण करायचे. जन्मभर हेच काम. लग्नात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा हे पलीकडच्या नवरीऐवजी त्याची वीण बघत होते, असं यांचे मित्र अजून सांगतात. मी हे खोटं म्हणणार नाही.

काम सुटलं तेव्हा आमच्या मुलाने, चेतनने, आपला जुना मोबाइल यांना दिला आणि यांच्या नजरेला पुन्हा काम मिळालं. रोज सकाळी आम्ही मारुतीच्या देवळात जातो. मी हात जोडते, हे हात वर करतात, कारण हातात मोबाइल असतो. पुजारी म्हणतो, "काका, पहेलां दर्शन तो करी लो." हे म्हणतात, "एक मिनिट."

"रोजचा फोटो कशाला?" मी एकदा विचारलं. "मारुती काय बदलतो?"

"काल डाव्या खांद्यावर शेंदूर कमी होता," हे म्हणाले. "आज भरलाय."

मग तो मारुती फुलं लावून, सुप्रभात लिहून सगळ्या नातेवाइकांना जायचा. मंगळवारी जोडीला आईंची कानबाई जायची. तिकडून लोकांचे महादेव, अंबाबाई, दत्त यायचे, तेही हे जपून ठेवायचे. घरी आलेल्या देवाला नाही कसं म्हणायचं? कमलबाई फोनवर मला ऐकवायच्या, "छाया, भाऊजींना सांग, त्यांचा मारुती पहाटे माझ्या उशाशी वाजतो. शेजारीण कोंबडा पाळणार होती, आता म्हणते गरज नाही."

होता होता मोबाइलची जागा संपली. चेतन पुण्याहून सुट्टीला आला होता, त्याने बघितलं.

"पप्पा, वरची जागा भरली. महिन्याला पैसे भरा, नाही तर साफ करा."

"वर म्हणजे कुठे?"

"क्लाउडवर."

यांनी छताकडे पाहिलं. तिथे आमच्यावर फक्त पाण्याची टाकी आहे. "देवांना ठेवायला भाडं भरायचं?"

"मग डिलीट करा."

"मारुतीला?"

"पप्पा, तो एकच मारुती आहे. एक ठेवा, बाकीचे काढा. बराबर ने?"

चेतन गेला आणि हे विचारात पडले. फाटलेलं कॅलेंडरसुद्धा आपण तापीवर नेतो, मग हे अख्खे देव डब्याच्या चित्रावर बोट ठेवून काढायचे, हे त्यांच्या मनाला पटेना. मलाही पटलं नाही, अजूनही पटत नाही. देव ज्या रीतीने आणतात त्या रीतीने पोचवायचे. म्हणून आम्ही उत्तरपूजा करायचं ठरवलं.

पाट मांडला. मोबाइलचं कव्हर काढून त्याला कोरड्या फडक्याने पुसलं. पाठीवर हळदकुंकू लावलं, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला. मध्येच तो वाजला. कर्ज हवंय का, असं विचारणारी मुलगी होती. यांनी तिला हात जोडून नको म्हटलं आणि फोन पुन्हा पाटावर ठेवला.

"वरचेच काढताय ना?" मी विचारलं. "आपली कानबाई मोबाइलमध्ये राहील ना?"

"वरचे वर, खालचे खाली," हे म्हणाले. "गोडाऊन रिकामं केलं म्हणून दुकान रिकामं होतं का?"

कापडाच्या माणसाने दिलेलं उदाहरण चोख होतं. मी अक्षता वाहिल्या, 'परत या' म्हटलं, मोबाइल तीनदा हलवला आणि यांनी सगळे देव एकदम निवडून बोट दाबलं.

झालं, असं कळवायला यांनी चेतनला फोन लावला. तो म्हणाला, "छान. आणि काही चुकून गेलं असेल तर घाबरू नका. काढलेले फोटो दोन महिने डब्यात पडून राहतात, परत आणता येतात."

यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "निर्माल्य दोन महिने घरात?"

"शिव शिव," मी म्हटलं.

"पाण्यात सोडलेलं कोणी परत काढतं का?"

कोणी काढत नाही, असं मीच म्हणाले. यांनी शोधून शोधून तो डबाही रिकामा केला, तेव्हा कुठे आम्ही दहीपोहे खाल्ले. कानबाईचा नारळ आम्ही दर वर्षी नदीवर नेतो, पाण्याला लावतो आणि परत घरी आणतो. त्या दिवशी ते दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

परत या म्हटलं होतं, तसे दुसऱ्या दिवशी देव परत आले. मारुती, महादेव, दत्त, सगळे नातेवाइकांकडून फुलांसकट हजर. यांनी समाधानाने नमस्कार केला. फक्त कानबाई आली नाही, कारण कानबाई पाठवणारे सगळ्या गोतात हे एकटेच होते. मध्ये मंगळवार आला नाही, म्हणून ते आम्हाला आज, गहू निवडताना कळलं.

यांनी चेतनला फोन लावला.

"पप्पा, दोन्हीकडचे एकच असतात. आणि डबासुद्धा रिकामा केला? कोण करतं असं?"

"देव मानणारे करतात."

"मग आता देवालाच विचारा."

"तुला पाठवला होता ना मी? दर मंगळवारी?"

चेतन म्हणाला, ऑफिसच्या कामात उघडायचं राहून जातं. मग यांनी नंदुरबारला हर्षदाला, आमच्या लेकीला विचारलं. ती म्हणाली, "पप्पा, तुमचे सुप्रभात मी रोजच्या रोज साफ करते." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे, बघून."

यांनी मोबाइल खाली ठेवला. "इतक्या जणांना पाठवला," ते म्हणाले, "एकानेही ठेवला नाही." मग एवढंच म्हणाले, "आईला हो म्हटलं होतं."

मी सूप परत घेतलं, पण खडे आणि गहू सारखेच दिसायला लागले.

"कमलबाईंना विचारू का?" मी म्हटलं.

"वहिनींना? फोटो गेला हे त्यांना कळलं तर कानबाई आजच गेली समज. आणि त्या तर म्हणतात, मी तुमचा मारुती उघडतही नाही."

हे खरं होतं. तरी मी मनात देवीचं नाव घेतलं आणि फोन लावला.

"कमलबाई, जेवणं झाली का?"

"झाली. कामाचं बोल. माझं जेवण विचारायला तू कधी फोन केलास?"

मी सगळं सांगून टाकलं.

"मोबाइलमधून देव पोचवले? अक्षता वाहून?"

"हो."

"दहीपोहे ठेवले होते?"

"ठेवले होते."

"मग रीतीने केलंत," कमलबाई म्हणाल्या. "मला हे सुचलंच नाही. माझा फोन भाऊजींच्या देवांनी गच्च भरलाय. पोरगा म्हणतो, आई, उडव. देव उडवतात का कुठे?"

"म्हणजे कानबाई आहे?"

"दर मंगळवारची आहे."

"मग पाठवा ना."

"पाठवता आली असती तर. जागाच नाही त्यात, नुसतं चक्र फिरत बसतं. बघायची असेल तर घरी यावं लागेल."

गहू तसेच टाकून आम्ही रिक्षाने पर्वत पाटियाला गेलो. कमलबाईंनी आधी चहा दिला. फोन मात्र मांडीवरून हलवला नाही. चहा संपल्यावर त्यांनी तो उघडला आणि यांचे सगळे देव खालून वर सरकत गेले, एकही न गाळता. उघडतही नाही म्हणणाऱ्या बाईला कोणता कुठे आहे ते पाठ होतं. मग कानबाई आली. टपोरे डोळे, नथ, हिरवी साडी, बाजूला फळांची आरास.

यांनी बोटांनी फोटो मोठा केला, ताक्याकडे बघावं तसे डोळे जवळ नेले आणि थबकले. डाव्या कडेला नथ सारखी करणारा एक हात होता, मनगटापर्यंत हिरव्या बांगड्या.

"हा हात आईचा नाही," हे म्हणाले.

सासरे गेल्यापासून सासूबाईंच्या हातात बांगडी नव्हती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"माझा आहे," कमलबाई म्हणाल्या. "आईंना मोतीबिंदू. त्या खुर्चीत बसून सांगायच्या आणि मी मांडायची. बाहेर सांगताना मात्र 'मी मांडली' म्हणायच्या. तू आत रोट भाजत होतीस आणि भाऊजी समोर उभे राहून फोटो काढत होते. इतके मंगळवार हा फोटो सगळ्यांना पाठवलात भाऊजी, हात नाही दिसला?"

"मी नथ बघत होतो," हे म्हणाले.

कमलबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हे हसले नाहीत, कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आईने सांगितलं होतं, कानबाई या घरातून हलू देऊ नको."

"मग नका हलवू. मी येते की. रविवारी सकाळी येऊन मांडते. छाया रोट भाजेल, ते मला तिच्यासारखे जमत नाहीत. पण भटूकाकांना, सगळ्या भाऊबंदांना तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं, कोणी मांडली ते. आणि आजवर कोणी मांडली तेही."

"सांगतो," हे म्हणाले.

"मग माझ्याही फोनची उत्तरपूजा करून द्या. पोळा झाला की."

"करू. पण वहिनी, डबा रिकामा करायचा नाही. दोन महिने राहू द्यायचा."

"निर्माल्य?" कमलबाई म्हणाल्या. "दोन महिने? माझ्या घरात?"

यावर आमचं अजून ठरलेलं नाही.

निघताना यांनी कमलबाईंच्या फोनवरच्या कानबाईचा आपल्या मोबाइलने फोटो काढला. काचेत यांचं स्वतःचं तोंड आलंय, बरोबर देवीच्या शेजारी, हिरव्या बांगड्यांच्या खाली. दुसरा काढा म्हटलं तर म्हणाले, राहू दे. रिक्षात बसल्या बसल्या तो सगळ्यांना गेलाही. चेतनचं उत्तर लगेच आलं: पप्पा, यात तुम्ही कशाला?

घरी आले तेव्हा सूप तिथेच होतं. उरलेले गहू निवडून आता चक्कीवर जायचंय. रोटांचं दळण आहे, तेव्हा चक्कीवाल्याला आधीच्या बाजरीचं चक्कीत राहिलेलं पीठ नीट झाडून काढायला सांगावं लागेल.