नेमूअण्णाची घालमेल

माझा थोरला भाऊ नेमूअण्णा दोन भाकरी कधी एका बैठकीत संपवायचा नाही. पहिली झाली की उठायचा, गोठ्यात डोकावायचा, बैलांपुढं वैरण सारायचा आणि मग येऊन दुसरीला हात घालायचा. "दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय रं, हिंडायचं नसतंय," असं आई कळवळून म्हणायची. त्याचं उत्तर ठरलेलं असे. "बसलं की डोकं चालतंय गं आई. हिंडलं की गप ऱ्हातंय."

आमचं घर जैन; निपाणीजवळ आमची तंबाखूची शेती होती. अण्णा पाहुण्यांशी कन्नडात बोलायचा, आमच्याशी मराठीत आणि घाईत असला की दोन्हीत. घाईत तर तो कायमच असायचा. मला बेळगावला शिकायला ठेवायचं खूळ त्याचंच. खासबागेत मावशीकडं राहून मी कॅम्पातल्या शाळेत जायची. महिन्यातून एकदा तो मोटारीनं यायचा आणि प्रगतीपुस्तक दारातच उघडायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण आकडे कळत. आकड्यांवरून बोट फिरवत "नडी, नडी," म्हणायचा. चल, पुढं चल.

मॅट्रिक झाल्यावर मी पुण्याला डॉक्टरी शिकवणाऱ्या एका शाळेत अर्ज केला. मुलींना तिथं घेत, पण मोजक्याच. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आधीच बजावलं होतं, "घेतलं तर जा. न्हाय घेतलं तर चिकोडीचं स्थळ आलंय, दिवाळी झाली की अक्षता." अर्ज गेल्यापासून अण्णा रोज पोस्टात हेलपाटे घालू लागला. त्याला पाहिलं की पोस्टमास्तर लांबूनच हात हलवून नाही म्हणत.

अखेर पत्र आलं. एकच ओळ होती : सर्व जागा भरल्या आहेत. मी ती मराठीत सांगितली. अण्णानं कागद माझ्या हातातून घेतला आणि उलटा करून पाहिला.

"मागल्या बाजूला काय लिवलेलं न्हाय?"

दुसऱ्या दिवशी संकेश्वरच्या बाजाराला जातो म्हणून तो घरातून निघाला आणि चार दिवसांनी परतला. डोळे लाल, सदऱ्यावर आगगाडीच्या कोळशाची काजळी. मला परड्यात गाठून म्हणाला, "पुण्याला गेलतो. तितला कारकून म्हणतोय, जागा न्हाय. मी म्हणालो, साहेब, बसायला जागा नसंल तर आमची पोरगी हुबी राहून शिकंल. त्यो हसला. मी चेष्टा करत नव्हतो गं."

मला हसू आलं नाही, रडूही येईना. मी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. दिवसभर कुणाशी बोलायची नाही, सांगितलं तेवढं काम करायची. अण्णाला मात्र चैन पडेना. सकाळी वशिल्याला सांगलीच्या कुणा वकिलाचं नाव घेऊन यायचा, दुपारी कोल्हापूरच्या मास्तरांचं, संध्याकाळी पुन्हा अर्ज लिहायला कोरा कागद. आठवड्याभरानं मी किंचाळलेच.

"पुरं कर अण्णा! नको म्हणाल्यात ते मला, तुला न्हवं. जरा एका जागी बस की!"

तो बसला. परड्यातल्या, बैलांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर, हात गुडघ्यांत घालून. मग त्यानं वहिनीचं, त्याच्या बायकोचं, नाव काढलं. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात वहिनी गेली होती, आणि तेव्हापासून तिचं नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"डॉक्टर आलता, सुमे. सोप्यात खुर्चीवर बसून हुता. बाप्या माणसाला आत सोडायचं न्हाय, म्हणाल्या बायका. आत वरडत हुती ती. मीबी गप बसलो."

त्यानंतर त्यानं माझ्यापुढं कोरा कागद धरला नाही. तो सरळ चिकोडीला गेला आणि यंदा आमच्या पोरीचं लग्न करणार नाही, असं त्या लोकांना सांगून आला. आप्पा संतापले. "नेमा, ह्या घरात मालक कोण?"

"तुमीच, आप्पा. पर तिला एक वरीस द्या. मग मला घराभाईर काढा."

आप्पांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते संक्रांतीपर्यंत. पण चिकोडीला उलटा निरोप त्यांनी धाडला नाही. माळ्यावरची पुस्तकं मीच खाली काढली.

पुढच्या जूनमध्ये पुण्याहून पुन्हा नकारच आला. कोल्हापूरच्या कॉलेजात मात्र जागा मिळाली. मी पदवी घेतली, बेळगावला मास्तरीण झाले आणि मुलींना गणित शिकवू लागले. ते काम मला मनापासून आवडलं. अण्णाला ते कधी पटलं नाही. घरात कुणाला ताप आला की तो माझ्याकडं बघायचा आणि मान फिरवायचा. दुसरं लग्न त्यानं केलं नाही.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी त्याला कावीळ झाली. मी त्याला बेळगावच्या दवाखान्यात आणलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली, औषध लिहून दिलं. त्या दाराबाहेर जाईपर्यंत अण्णा त्यांच्याकडं बघत राहिला.

"माझं चुकलं, सुमे. पहिल्याच साली म्हमईच्या डॉक्टरी शाळंत इचारायला जायला पायजे हुतं."

वीस वर्षं होऊन गेली होती. मी म्हणाले, "अण्णा, मी सुखात हाय रं. खरंच हाय."

"तू हाईस गं," तो म्हणाला. "मी न्हाय."

आणि भिंतीकडं तोंड करून निजला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यानं झटकला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.