बुलबुलाची विष्ठा

दर रविवारी आम्ही सात-आठ निसर्गवेडे पन्हाळ्याच्या बाजूच्या रानात फिरायला जातो. खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर दिवसभराची यादी मोठ्यानं वाचायची, ही आमची पद्धत. ज्यानं जे पहिल्यांदा पाहिलं, ते त्याच्या नावावर. यादी वाचणारे आमचे म्होरके म्हणजे पक्ष्यांतले जाणकार, गळ्यात हातभर लेन्स. माझी पाळी आली की ते पेन आडवं फिरवायचे. "बाई, मुंग्या आन् कोळी घरात बी हायत की. त्यास्नी कशाला यादीत?" सगळे हसायचे. दोन वर्षं मी शोधलेल्या एकाही किड्याला त्या वहीत जागा मिळाली नाही. घरी येऊन मी भांडी आपटायचे. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी डूख धरला.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी शहरातले दहा-बारा पाहुणे आणले. मी पुढे चालत होते. एका रुंद पानावर पांढरा-काळा ओला ठिपका दिसला. पाहताक्षणी ओळखला. पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेऊन बसणारा कोळी! आमच्यातले चाचा कबनूरहून येतात, सगळा जन्म त्यांनी यंत्रमागावर घालवलाय. ते वाकले, ठिपक्याच्या कडेचा बारीक धागा त्यांना बरोबर दिसला आणि ते माझ्याकडे बघून गालात हसले. मी ओठांवर बोट ठेवलं आणि साळसूदपणे म्होरक्यांना हाक मारली. "हे काय असंल हो?"

ते खूश झाले. पाहुण्यांना गोल उभं केलं. "ही बुलबुलाची विष्ठा. ओली हाय, म्हंजे पाखरू आत्ताच उडालंय." पाच मिनिटं ते बुलबुलाचं खाणंपिणं सांगत होते, पाहुणे फोटो काढत होते. मी थांबवलं तर नाहीच, उलट "बिया कुठल्या असतील?" असं विचारून त्यांना आणखी खोलात जाऊ दिलं. मग गवताची काडी घेतली आणि हळूच टोचली. विष्ठा आठ पायांवर उठली आणि पानाखाली पळाली.

"बुलबुल चालाय लागला की!" चाचा ओरडले. पाहुणे पोट धरून हसले. म्होरक्यांचा चेहरा पार उतरला आणि माझा जीव गार झाला. खोटं कशाला सांगू, अजून आठवलं तरी बरं वाटतं.

थोड्या वेळानं ते माझ्याजवळ आले. आवाज खाली. "बाई, मला ह्यातलं काय कळत न्हाय. आनखी दाखवा की कायतरी."

पुढ्यातच एक चपटा दगड होता. त्याच्याखाली विंचवाची मादी होती, आठवड्यापूर्वी तिचं पोट फुगलेलं मी पाहिलं होतं. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी मला जन्मात एकदा पाहायची होती.

"न्हाय. आज काय न्हाय," मी म्हणाले आणि पुढे गेले.

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी एकटीच जाऊन दगड उचलला. खाली नुसती ओली माती. त्यांना दाखवलं नाही याचं मला आजही वाईट वाटत नाही. पण त्या दिवशी त्या मादीला यादीतून मी गाळलं होतं, त्यांनी नव्हे.