मास्टरचा हॅम आणि वरच्या मजल्यावरचे काका

भिडेपायी माणूस किती हाल सोसू शकतो याची जगात कुठे स्पर्धा भरली, तर आमच्या वरच्या मजल्यावरचे काका पहिले येतील. आणि बक्षीस घ्यायला बोलावलं, तर दुसऱ्या नंबरवाल्याला वाईट वाटेल म्हणून त्यालाच पुढे करतील. हे मी कौतुकानं लिहीत नाही. मला या गुणाचा मनापासून राग आहे. आपल्याकडे याला सभ्यपणा म्हणतात, जपानात तर बालवाडीपासून त्याचं शिक्षण देतात. मी सरळ नाव घेते : खोटेपणा. गोड, घरंदाज, हात जोडून केलेला खोटेपणा. हे मी काकांना तोंडावर सांगितलं आहे. ते म्हणाले, "खरंय गं तुझं." म्हणजे तिथंही भीडच!

टोकियोजवळच्या ग्योतोकुच्या ज्या इमारतीत मी पीएचडीची वर्षं काढली, तिच्या तिसऱ्या मजल्यावर काका-काकू राहतात. काका एका संशोधन संस्थेत जिवाणूंवर काम करतात. जिवाणू बोलत नाहीत म्हणूनच त्यांचं तिथं निभावलं असावं. एकदा संध्याकाळी घरी येताना गाडीत शेजारचा माणूस त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. ग्योतोकु आलं, ग्योतोकु गेलं, काका हलले नाहीत. त्या माणसाला जाग आली ती शेवटच्या स्टेशनावर, आणि 'हा कोण आपल्याला चिकटून बसलाय' अशा नजरेनं त्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी त्याची माफी मागितली. त्यांच्या दारात रोज दोन जपानी वर्तमानपत्रं पडतात. काकांना जपानी बोलता येतं, वाचता येत नाही. पण एका कंपनीचा विक्रेता दारात कमरेत वाकला आणि काकांनी सही केली. महिन्याभरानं दुसऱ्या कंपनीचा त्याहून जास्त वाकला. काकू त्या दोन्हींवर पालेभाज्या निवडतात. त्या एका पाळणाघरात मुलांना इंग्रजी शिकवतात आणि भीड हा प्रकार त्यांच्या घराण्यातच नाही. "मला बघायला आले तेव्हा 'पसंत आहे' म्हणाले," मेथी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "ते तरी खरं होतं, की माझ्या वडिलांना वाईट वाटू नये म्हणून, हे मी अजून शोधतेय." काका आतल्या खोलीतून म्हणाले, "तसं नव्हतं गं." पण इतक्या हळू म्हणाले की शंका वाढलीच.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. संताप सुरू होतो तो शुक्रवारी. स्टेशनामागच्या गल्लीत, केस कापण्याचं दुकान आणि धोबी यांच्या मधे, एक स्पॅनिश टॅपासचं दुकान होतं. आठ स्टुलं, एक लांब लाकडी काउंटर, भिंतीवर निळ्या फरशा आणि छताला टांगलेल्या डुकराच्या खारवलेल्या तंगड्या, म्हणजेच हॅम. टॅपास म्हणजे छोट्या छोट्या बश्यांत येणारं खाणं; एकेक बशी मागवायची, गप्पा मारायच्या, पुढची मागवायची. मालक तरुणपणी काही वर्षं स्पेनमधे राहून आलेले, साठीच्या पुढचे, पांढऱ्या मिशांचे. सगळी गल्ली त्यांना मास्टर म्हणायची. काका दर शुक्रवारी संस्थेतून सुटले की तिथं जायचे. काकूंनी एकदाच दारातून डोकावून त्या तंगड्या पाहिल्या होत्या आणि उलट पावली घर गाठलं होतं. "ते तिथं पाव आणि ऑलिव्ह खातात," एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि एवढं खरंही होतं.

कारण काका जन्माचे शाकाहारी. जपानात आल्यावर अंड्याला त्यांनी नाइलाजानं शाकाहारात दाखल करून घेतलं, पण त्यापुढे दार बंद. त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा त्या दुकानात गेले तेव्हा मास्टर आनंदानं ओरडलेच, "आलात!" आणि मेनूकडे बघायचीही सवड न देता त्यांनी काकांपुढे हॅमचे कागदासारखे पातळ काप ठेवले. मग पालक आणि काबुली चणे, त्यात हॅमचे तुकडे. मग भाजलेली मशरूम, प्रत्येकीच्या पोटात हॅम. मी विचारलं, "यात मांस नाही असं काही?" मास्टर म्हणाले, "ही भाजीचीच बशी आहे. हॅम अगदी थोडासा, चवीपुरता." चवीपुरता! या एका शब्दावर या देशात शाकाहारी माणसाचं आयुष्य नासतं. सूपमधे मासा चवीपुरता, सॅलडवर बेकन चवीपुरतं. आणि तक्रार केली की समोरचा असा कासावीस होतो, की गुन्हेगार आपणच.

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी काउंटरखाली माझ्या पायावर पाय दिला. आणि मग मी जे पाहिलं ते त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोणीही पाहिलेलं नसेल. मास्टरांची पाठ वळली की काकांच्या चॉपस्टिक शस्त्रक्रियेला लागत. एकेका चण्यामागे लपलेला लाल तुकडा बाहेर निघे आणि मांडीवरच्या प्लास्टिकच्या डब्यात जाई. मास्टर वळले की काका डोळे मिटून म्हणत, "वा!" पाच मिनिटांत बशी रिकामी, डबा भरलेला. मास्टर खूश. तो डबा काका इमारतीमागच्या मांजरांना देत. ग्योतोकुमधली सगळ्यांत धष्टपुष्ट मांजरं आमच्याकडे आहेत आणि काका गल्लीत शिरले की ती मिरवणुकीसारखी मागे चालतात.

बाहेर पडताच मी भडकले. "काका, हे काय आहे? एक वाक्य बोलायचं होतं. 'मी मांस खात नाही.' संपलं!"

"पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं गं."

"मग दुसऱ्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी नाही बोललं की दुसऱ्या दिवशी बोलता येत नाही," काका म्हणाले आणि मग त्यांनी तो पहिला दिवस सांगितला. मोठ्या भूकंपानंतरचा आठवडा. काकू आणि मुलगी पुण्याला गेल्या होत्या, संस्थेतले बहुतेक परदेशी निघून गेले होते. काका राहिले, कारण जिवाणूंचे फ्रीझर कोणीतरी सांभाळायला हवे होते. दुकानांची फडताळं रिकामी, ठरवून वीज घालवत, जमीन अधूनमधून हलत. दोन दिवस त्यांचं धड जेवण झालेलं नव्हतं. संध्याकाळी गल्लीतून येताना या दुकानात मेणबत्ती दिसली. आत मास्टर एकटे. गिऱ्हाईक नाही. काका म्हणाले, दोन दिवसांचा उपाशी आहे, काहीही चालेल. मास्टरांनी उरलेला हॅम कापून पुढे ठेवला, पाव ठेवला, ऑलिव्ह ठेवले, आणि म्हणाले, "आज कोणीच आलं नसतं तर उद्या मी हे दुकान कायमचं बंद करणार होतो. तुम्ही आलात." मेणबत्तीच्या उजेडात तो हॅम काकांच्या रुमालात गेला. रिकामी बशी पाहून मास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्या माणसाला मी 'नको' म्हणायचं होतं? तू म्हणाली असतीस?"

"हो."

"म्हणून तू एकटी जेवतेस," काका म्हणाले, आणि लगेच, अर्थातच, माझी माफी मागितली.

पण माफीनं काय होतं? त्या एका रुमालावर इमारत उभी राहिली होती. मास्टर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला काका दाखवत : "सगळे पळाले तेव्हा या भारतीय साहेबांनी माझा हॅम खाल्ला. यांच्यामुळे मी आहे." लोक वळून झुकत, काकाही झुकत, मांडीवरचा डबा सांभाळत. खरं बाहेर आलं असतं तर मास्टरांच्या आयुष्यातली ती संध्याकाळ खोटी पडली असती आणि काकांचा इथला एकुलता एक मित्र गेला असता. हे मला कळत होतं. तरी मी म्हणत होते, की असली मैत्री काय कामाची, जिच्यात एकाला दुसऱ्याचं साधं जेवण माहीत नाही! मी त्यांना एक पत्रक लिहून दिलं. शुद्ध जपानीत, तीन परिच्छेद, पहिल्यात वस्तुस्थिती, दुसऱ्यात आभार, तिसऱ्यात मागणी. नुसतं पुढे करायचं. काकांनी ते पाकिटात ठेवलं आणि मग वर्षानुवर्षं कारणं दिली. मास्टरांचा गुडघा दुखतोय, आज नको. मास्टरांच्या मुलीचं लग्न ठरलंय, आज नको. मास्टर आज फार खुशीत आहेत, आज तर नकोच. मी विचारलं, "काका, अन्याय सहन करायला काही मर्यादा?" ते म्हणाले, "अन्याय कसला गं, तो बिचारा सगळ्यात चांगला हॅम मला देतो." या माणसाला आंदोलनात उभं केलं तर लाठी मारणाऱ्याचा हात दुखेल म्हणून हा त्याला तेल आणून देईल!

मग एके दिवशी दुकानाच्या दारावर कागद लागला. इमारत जुनी होती, पुढच्या मोठ्या भूकंपाला टिकणार नाही असं तपासणीत निघालं, पाडायची ठरली. मास्टर फुकुओकाला मुलीकडे राहायला जाणार होते. शेवटच्या दिवशी, एका रविवारी दुपारी, त्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी बरोबर गेले. खरं सांगायचं तर पत्रकावर लक्ष ठेवायला गेले.

गॅस सकाळीच तोडला होता. पाव, ऑलिव्ह, वाइन आणि हॅम, एवढंच होतं. दुकान गच्च भरलं होतं. मास्टरांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं, ती मेणबत्तीची गोष्ट शेवटची सांगितली आणि छताला उरलेली एकुलती एक तंगडी खाली काढली. अख्खी, खुरासकट. "ही मागणारे पुष्कळ होते," ते म्हणाले, "पण ही दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही." आणि दोन्ही हातांनी त्यांनी ती काकांपुढे धरली.

मला क्षणभर हसू आलं. ही तंगडी खांद्यावर टाकून काका जिना चढताहेत आणि दारात काकू उभ्या आहेत, हे डोळ्यांपुढे आलं. पण काकांचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं. त्यांचे हात पुढे गेले आणि अर्ध्यावर थांबले. पत्रकाच्या पाकिटाकडे गेले नाहीत.

"मास्टर," ते म्हणाले, "मला हे घेता येणार नाही. मी मांस खात नाही. जन्मापासून कधीच नाही."

मास्टरांनी तंगडी काउंटरवर ठेवली.

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही नाही. रुमालात."

"आणि नंतर?"

"डब्यात." काका इतके वाकले की त्यांचं कपाळ काउंटरला लागलं. "छोट्या बशीपुरतं जमत होतं. एवढं मोठं खोट्यावर घेता येत नाही. माफ करा."

मी तयारीत होते. मास्टर चिडले असते तर मी काकांच्या बाजूनं भांडणार होते, मुद्दे तोंडावर होते. पण मास्टर काउंटरला वळसा घालून बाहेर आले, काकांच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "दोन दिवसांचे उपाशी होतात म्हणाला होतात. म्हणजे मी तुम्हाला उपाशीच परत पाठवलं?"

"नाही, नाही," काका घाईनं म्हणाले. "पाव होता. ऑलिव्ह होते. आणि बोलायला माणूस होता. दोन दिवसांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं."

हे मात्र भिडेनं आलेलं नव्हतं. काका भिडेनं बोलतात तेव्हा लगेच बोलतात, छापील बोलतात. हे अडखळत आलं.

माझा राग तरीही गेला नाही, फक्त कोणावर काढावा ते कळेना. एकानं सांगितलं नाही, दुसऱ्यानं विचारलं नाही, आणि दोघांनी एकमेकांना इतकं जपलं की सगळे शुक्रवार त्यातच गेले. याच्याविरुद्ध पत्रक काढायचं तर ते द्यायचं कोणाच्या हातात?

गिऱ्हाइकं पुन्हा हळूहळू बोलायला लागली. मास्टरांनी खिशातून पेन्सिल काढली, मेनूचं एक पान उलटं केलं आणि काकांकडे वळले.

"वांगं?"

"खातो."

"भेंडी?"

"खातो."

"लाल भोपळा?"

"फार आवडतो."

मास्टरांनी डोळे मिटले, उघडले, लिहिलं. मग गॅस नसलेल्या स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "ढोबळी मिरची. विस्तवावर काळी करायची, साल काढायची, वर तेल आणि लसूण. बाकी काही नाही. ती तर मला फार छान जमते."

"ती तुम्ही कधी केली नाहीत."

"नाही," मास्टर म्हणाले. "कोणी मागितलीच नाही."